मोठं मोटरहोम चालवायला शिकताना : शेपूट, छप्पर, वजन आणि मुक्काम

भिलाईच्या कॅम्प-१ मधून तुमच्याशी बोलतोय.

आजचा विषय बऱ्याच निवृत्त मंडळींच्या मनात घोळत असतो. नोकरी संपली, मुलं मार्गी लागली, हातात थोडी रक्कम आली आणि इच्छा अशी की घरच चाकांवर घ्यावं आणि देश बघावा. मग प्रश्न पडतो, की आयुष्यभर मारुती चालवली, आता साठीत हे सात-आठ मीटरचं धूड आपल्याला झेपेल का?

झेपतं. मोठी गाडी चालवायला ताकद लागत नाही, स्टिअरिंग आता हलकं असतं. लागते ती सवय, आणि ती ठरलेल्या क्रमाने लावून घ्यावी लागते. शेपूट, छप्पर आणि वजन या तीन गोष्टी मोकळ्या मैदानात अंगवळणी पाडायच्या. रस्ता त्यानंतर, आणि मजा मुक्कामात. बहुतेक लोक हा क्रम उलटा करतात. गाडी घेतात आणि पहिल्याच दिवशी गोव्याला निघतात.

आधी कागद

आपल्या नियमांत या गाडीला 'मोटार कॅराव्हॅन' म्हणतात. तिच्यासाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे. आत टेबल-खुर्ची, झोपायची जागा, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवायची जागा असावी, ही त्यातली मूळ कल्पना. जुनी मिनीबस घेऊन गल्लीतल्या सुताराकडून पलंग ठोकून घेतले तर कायद्याच्या नजरेत ती मिनीबसच राहते. मंजुरीशिवाय गाडीची रचना बदलता येत नाही आणि आरसी बुकात तशी नोंद नसेल तर विम्याच्या वेळी अडचण येते. गाडी नवी असो की जुनी, पैसे देण्याआधी आरसी बुकातला 'बॉडी टाइप' वाचा.

लायसन्सचं गणित ७,५०० किलोवर ठरतं. माणसं आणि सामान धरून गाडीचं जे कमाल मंजूर वजन असतं, त्याला कागदावर जीव्हीडब्ल्यू म्हणतात. ते ७,५०० किलोच्या आत असेल तर तुमचं नेहमीचं हलक्या वाहनाचं म्हणजे एलएमव्ही लायसन्स चालतं. या मर्यादेबद्दल कोर्टात वर्षानुवर्षं वाद चालला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी तो मिटवला आणि या वजनापर्यंतचं व्यावसायिक वाहनसुद्धा एलएमव्हीवर चालवता येतं असं सांगितलं. बारा मीटर बसच्या चासीवर बांधलेलं घर मात्र या मर्यादेच्या खूप वर जातं. त्याला जड वाहनाचं लायसन्स आणि रीतसर प्रशिक्षण हवं.

आपल्या वयाच्या मंडळींनी आणखी एक तारीख बघावी. पंचावन्नाव्या वर्षानंतर नूतनीकरण झालेलं लायसन्स पाचच वर्षं चालतं. निघण्याआधी ते कधी संपतंय ते पाहा. डोळ्यांची तपासणीही त्याच वेळी करून घ्या, आणि खास करून रात्रीच्या नजरेबद्दल डॉक्टरांना विचारा.

शेपूट

कारमध्ये आपण मागच्या चाकांच्या जवळपास पुढेच बसलेलो असतो. गाडी कुठे संपते हे पाठीला कळतं. मोटरहोमची अर्धी लांबी आपल्या मागे आणि नजरेबाहेर असते, आणि मागच्या चाकांनंतरही गाडी बरीच शिल्लक असते. या लोंबत्या भागाला ओव्हरहँग म्हणतात. नियमानुसार तो पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराच्या ६० टक्क्यांपर्यंत असू शकतो. म्हणजे चाकांमधलं अंतर ४ मीटर असेल तर मागचं शेपूट २.४ मीटरपर्यंत असू शकतं.

आता वळताना काय होतं बघा. अशी गाडी उभ्या जागेवरून पूर्ण स्टिअरिंग फिरवून उजवीकडे काढली, तर शेपटाचा डावा कोपरा सुमारे अर्धा मीटर डावीकडे झुकतो. डावीकडे भिंत, विजेचा खांब किंवा स्कूटर असेल तर ती गेली. आपण उजवीकडे बघत असतो आणि आवाज डावीकडून येतो. म्हणून पेट्रोल पंपावरून किंवा भिंतीलगतून निघताना आधी दोन-तीन मीटर सरळ पुढे यायचं, मग हळूहळू वळायचं.

दुसरी गंमत आतल्या बाजूची. वळणावर मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेवरून जात नाहीत, ती आत कापतात. चार मीटर व्हीलबेसच्या गाडीत पूर्ण वळणावर हा फरक जवळजवळ दीड मीटर होतो. साध्या कारच्या दुप्पट म्हणा. डाव्या अरुंद वळणावर कारच्या सवयीने लवकर स्टिअरिंग फिरवलं की मागचं डावं चाक फूटपाथवर चढतं. उपाय एकच. कोपरा ओलांडून आणखी पुढे जायचं, मगच वळायचं, आणि वळतानाची नजर डाव्या आरशात ठेवायची. बससारख्या सपाट तोंडाच्या गाडीत तर आपण पुढच्या चाकांच्याही पुढे बसलेलो असतो. तिथे समोरची भिंत काचेजवळ आली तरी घाबरायचं नसतं, कारण चाकं अजून मागे आहेत.

हे सगळं ऐकून येत नाही, करून येतं. रविवारी सकाळी एखादं मोकळं मैदान बघा, परवानगी घ्या, आणि रंगाचे सहा रिकामे डबे घेऊन जा. हे चार सराव करा.

पहिला : चुन्याने एक रेघ मारा, गाडी तिला समांतर चिकटून उभी करा, पूर्ण स्टिअरिंग फिरवून हळू पुढे घ्या. शेपूट रेघेपलीकडे किती गेलं ते टेपने मोजा. तो आकडा तुमच्या गाडीचा, तो पाठ करा.

दुसरा : डबे ठेवून काटकोनात वळण करा. एकही डबा न पाडता दहा वेळा डावीकडे, दहा वेळा उजवीकडे.

तिसरा : गाडीच्या रुंदीपेक्षा एक मीटर जास्त रुंद अशी गल्ली डब्यांनी आखा आणि तिच्यात सरळ मागे या. फक्त आरशांवर, कॅमेरा झाकून. कॅमेऱ्याच्या काचेवर चिखल उडतोच, तेव्हा आरसाच कामाला येतो.

चौथा : आतल्या ओट्यावर पाण्याने अर्धा भरलेला पेला ठेवा आणि ताशी ३० किलोमीटरवरून गाडी थांबवा. पाणी सांडलं नाही तर तुमचा ब्रेक जमला.

मागे घेण्याबद्दल फौजेतला एक साधा शिरस्ता सांगतो. मोठी गाडी मागे घ्यायची तर सहचालक खाली उतरतो. तो चालकाला आरशात दिसेल अशा जागी उभा राहतो आणि हाताने खूण करतो. तो आरशातून दिसेनासा झाला की गाडी त्याच क्षणी थांबते, मग भले मागे मैदान का असेना. आपल्याकडे ट्रकमागून 'आने दो, आने दो' अशी जी हाक येते तिच्यावर विसंबू नका, डिझेल इंजिनाच्या आवाजात 'आने दो' आणि 'रोको' सारखेच ऐकू येतात. नवरा-बायकोने चार खुणा आधी ठरवून घ्याव्यात : या, डावीकडे, उजवीकडे, थांबा. थांबण्याची खूण म्हणजे दोन्ही हात डोक्यावर फुली मारून. कितीतरी घरांतली भांडणं वाचतील.

छप्पर

कारवाल्याच्या डोक्यात उंची नावाची गोष्टच नसते. मोटरहोमचं छप्पर, त्यावर एसी, त्यावर सौर पॅनेल, असं करत उंची तीन मीटरच्या आसपास किंवा वर जाते. कंपनीच्या पत्रकातला आकडा धरू नका, वर बसवलेल्या वस्तूंसकट स्वतः मोजा. मग एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून तो डॅशबोर्डवर लावा, मीटरमध्येही आणि फुटांतही.

भिलाईकरांना हे लगेच पटेल. जी. ई. रोड आणि त्यालगतची कॅम्प-पॉवर हाउसची वस्ती एका बाजूला, कारखान्याची टाउनशिप दुसऱ्या बाजूला, आणि मधून रेल्वे. ये-जा करायची तर कुठल्या अंडरब्रिजखालून गाडी जाते आणि कुठे वळसा घालून ओव्हरब्रिज घ्यावा लागतो, हे ट्रकवाल्याला ठाऊक असतं. मोटरहोम घेतलं की तुम्हीही ट्रकवाले झालात. मोबाइलचा नकाशा तुम्हाला कारवाला समजून वाट दाखवतो, त्याला तुमचं छप्पर माहीत नसतं. नव्या गावात शिरण्याआधी पंपावर विचारायचं, 'इथून ट्रक जातो का?' त्याहून खात्रीचा प्रश्न दुसरा नाही.

लोखंडी उंचीरोधक दिसतात तरी. जास्त फसवतात त्या लोंबत्या वीजतारा, वडाच्या फांद्या, पंपाचं छत आणि सणासुदीच्या कमानी. गणपती आणि नवरात्रात आपल्या गल्ल्यांतून मंडप उभे राहतात, काल मोकळा असलेला रस्ता आज बंद असतो. शंका आली की थांबा, खाली उतरा, बघा. मागे हॉर्न वाजतील, वाजू द्या.

वजन

भिलाई पोलादाचं गाव, इथे धर्मकाट्यांना तोटा नाही. महाराष्ट्रात वजनकाटा म्हणा. प्रवासाला निघतो तशी गाडी भरा, टाकीत पाणी, डिझेल, सिलिंडर, भांडी, माणसं, सगळं. मग काट्यावर तीनदा वजन करा : पूर्ण गाडीचं, फक्त पुढच्या चाकांचं आणि फक्त मागच्या चाकांचं. हे आकडे मंजूर वजनाशी ताडून बघा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, १५० लिटरची टाकी भरली की दोन धडधाकट माणसं जास्त बसली. पुढच्या मुक्कामी नळ असेल तर टाकी अर्धीच भरा. जड सामान खाली आणि दोन्ही चाकांच्या मध्ये, हलकं वर. तांदळाची गोणी वरच्या कपाटात गेली की वळणावर गाडी कलते.

वजनाचा खरा हिशेब ब्रेकला द्यावा लागतो. ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दोन सेकंद गेले तर ४४ मीटर संपले, ब्रेक अजून लागायचाय. शिवाय वेग ६० वरून ८० केला की ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा एकपट नव्हे, पावणेदोन पटीहून जास्त होते. म्हणून पुढच्या गाडीने खांब ओलांडला की मनात एक ते पाच मोजा. पाचच्या आत तुम्ही त्या खांबाशी पोचलात तर फार जवळ आहात. मध्ये कुणी कारवाला घुसेल, घुसू द्या, पुन्हा मागे राहा.

राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, म्हणजे आपल्या जुन्या सहा नंबरवर, लांबलचक ट्रेलर भेटतात. असा ट्रेलर शेजारून पुढे जाताना त्याची हवा आधी तुम्हाला बाहेर ढकलते आणि मग आत ओढते. उंच सपाट बाजूंच्या गाडीला ते फार जाणवतं. स्टिअरिंग दोन्ही हातांत, पण मोकळं धरा, ब्रेक मारू नका, त्याला जाऊ द्या.

घाटाचा नियम आजोबांच्या काळचा आहे : ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. जगदलपूरच्या वाटेवरचा केशकाल असो, कसारा असो की आंबोली, उताराला लागण्यापूर्वीच गिअर खाली आणा आणि वेग इंजिनाला धरू द्या. ब्रेकवर सतत पाय ठेवला तर तो तापतो आणि तापलेला ब्रेक धरत नाही. जळका वास आला तर सुरक्षित जागी थांबा, चाकांना ठोकळे लावा, अर्धा तास चहा प्या. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तो तडकू शकतो.

टायरचं वेगळं सांगतो, कारण मोटरहोमचे टायर झिजून जात नाहीत, म्हातारे होऊन जातात. गाडी महिनोन्महिने उन्हात उभी राहते, नक्षी नवी दिसते आणि आतलं रबर कडक झालेलं असतं. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३२४ असं असेल तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. जुनी गाडी घेताना सहाही टायरांचे हे आकडे वाचा, आणि स्टेपनीचाही. नागपूरहून मुंबईकडे जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे. सरळ, मोकळा आणि बहुतांश काँक्रीटचा. तिथे पाय आपोआप जड होतो. मे महिन्याच्या दुपारी जुन्या टायरवर आणि भरलेल्या गाडीने तिथे जोरात जाणं म्हणजे संकटाला बोलावणं. सकाळी थंड टायरमध्ये हवा तपासा आणि दर दोन तासांनी थांबून प्रत्येक टायरजवळ हात नेऊन बघा. एकच जास्त तापला असेल तर त्याची हवा कमी आहे किंवा त्याचा ब्रेक चिकटलाय.

घराचा हिशेब

आता आतलं घर. इथे लोकांची निराशा बहुधा विजेमुळे होते, म्हणून गणित आधीच करू. १२ व्होल्टची २०० अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे २,४०० वॉट-तास. साधी लेड-ॲसिड असेल तर त्यातले निम्मेच वापरायचे, म्हणजे १,२००. एक टनाचा एसी तासाला साधारण हजार वॉट खातो. तासाभरात बॅटरी आटोपली. तोच साठा बारा व्होल्टचे दोन पंखे, दिवे, मोबाइल आणि छोट्या फ्रिजला रात्रभर पुरतो. छतावर ३०० वॉटचं पॅनेल असेल तर चांगल्या उन्हात दिवसाला तेवढं परत भरतं. म्हणजे रात्रभर एसी हवा असेल तर प्लग मिळेल अशीच जागा हवी किंवा जनरेटर. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये हे विसरून चालत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मोटरहोमचा खरा हंगाम.

गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला खालून बाहेर उघडणारी जाळी हवी आणि गाडी चालू असताना सिलिंडरची चावी बंद. चालत्या गाडीत कुणी उभं राहून चहा करायचा नाही. सगळे जागेवर, पट्टे बांधून.

शौचालयाची टाकी सार्वजनिक शौचालयात किंवा मुक्कामाच्या जागेच्या सेप्टिक टँकमध्येच रिकामी करायची. नदीकाठी, शेताच्या बांधाला कधीच नाही. एकाने ते केलं की गाववाले पुढच्या दहा गाड्यांना थांबू देत नाहीत, आणि बरोबरच करतात.

निघताना आणि पोचल्यावर तपासणी हवी. फौजेत तिला फर्स्ट परेड आणि लास्ट परेड म्हणतात. सकाळी : तेल, पाणी, हवा, दिवे, गळती, मग खिडक्या, छताचं झाकण, कपाटांच्या कड्या, बाहेरची पायरी, विजेची वायर काढली का. संध्याकाळी : टायर, गळती, डिझेल, आणि दिवसभरात जे खटकलं त्याची वहीत नोंद. दहा मिनिटांचं काम आहे. एकाने वाचायचं, दुसऱ्याने हात लावून बघायचं.

मुक्काम

आता ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, त्या आनंदाकडे येऊ.

१८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका स्कॉटिश माणसाने ब्रिस्टलमध्ये स्वतःसाठी फिरतं घर बांधून घेतलं. ब्रिटिश नौदलातून निवृत्त झालेला डॉक्टर, घराचं नाव 'वाँडरर', ओढायला दोन घोडे. हौसेखातर असं घर बांधून भटकणाऱ्या पहिल्या लोकांत त्याचं नाव घेतात. त्या प्रवासावरच्या पुस्तकात त्याने तेराशे मैलांचा हिशेब दिलाय, म्हणजे आपल्या हिशेबाने एकवीसशे किलोमीटर. आज एवढं अंतर लोक तीन दिवसांत उरकतात आणि म्हणतात, फार दमलो.

आपल्याला त्यासाठी स्कॉटलंडला जायला नको. आळंदीहून पंढरपूरला निघणारी माउलींची पालखी बघा. सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, वाखरी, अशी सगळी वाट मुक्कामांच्या नावांनीच ओळखली जाते, किलोमीटरने कुणी मोजत नाही. दिंडीचे ट्रक राहुट्या, भांडी, शिधा घेऊन पुढे जातात आणि माणसं पोचेपर्यंत स्वयंपाक तयार असतो. चाकांवरच्या घराचं याहून चांगलं व्यवस्थापन मला ठाऊक नाही. ठरलेली जागा, ठरलेली वेळ, वाटून घेतलेलं काम.

म्हणून आमचा नियम : २००, ४ आणि २. दिवसाला फार तर २०० किलोमीटर. दुपारी ४ च्या आत मुक्कामी, म्हणजे उजेडात जागा बघता येते, गाडी सपाट लावता येते. आणि एका जागी किमान २ रात्री. रात्री गाडी चालवायची नाही.

पहिली रात्र घराजवळच काढा, अगदी ओळखीच्या कुणाच्या अंगणात. काय विसरलं ते तिथेच कळतं. दुसऱ्या खेपेला भिलाईकरांनी बालोदजवळच्या तांदुळा धरणाकडे जावं, साठेक किलोमीटर, चुकलं तर तासा-दीड तासात घरी. मग महामार्ग ५३ धरून राजनांदगाव, देवरी करत नवेगावबांध. मग नागपूर, आणि पुढे समृद्धी. महाराष्ट्राने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण तुमच्या मुक्कामी नेमकं काय आहे ते फोन करूनच विचारा : फाटकाची उंची किती, १५ अँपिअरचा प्लग आहे का, पाण्याचा नळ, टाकी रिकामी करायची सोय.

एक गोष्ट पुरुषमंडळींसाठी. गाडीत स्वयंपाकघर आहे म्हणून तीन वेळचा स्वयंपाक बाईंच्या गळ्यात घातलात तर ही त्यांची सहल नव्हे, बदली झाली. सकाळचा चहा-पोहे गाडीत, दुपारचं जेवण ढाब्यावर, रात्री खिचडी, आणि भांडी ज्याने स्टिअरिंग धरलं त्याने घासायची. उलट बाजूही तेवढीच महत्त्वाची : गाडी दोघांनाही चालवता आली पाहिजे. आपल्या वयात एखाद्या पहाटे छातीत दुखू शकतं, आणि जवळचं इस्पितळ चाळीस किलोमीटरवर असू शकतं. तेव्हा शेजारी बसलेल्या माणसाला ही गाडी हलवता येत नसेल, तर एवढ्या सोयींचा उपयोग काय? मैदानातले चारही सराव दोघांनी करा, आणि दर दिवशी किमान अर्धा तास स्टिअरिंग दुसऱ्याच्या हाती द्या.

शेवटी पैशाचं. निवृत्तीची रक्कम एकदाच मिळते. विकत घेण्याआधी असंच मोटरहोम दोन-तीन दिवस भाड्याने घ्या, शक्य तर चालकासकट, आणि दिवसातून तासभर त्याच्या शेजारी बसून त्याचे आरसे बघा. दोन रात्री आत झोपा. रात्री उठायला लागलं तर डोकं कुठे आपटतं, पलंगावरून उतरताना गुडघा काय म्हणतो, हे कुठल्याही पत्रकात छापलेलं नसतं. त्यानंतरही हवंसं वाटलं तर खुशाल घ्या. गाडी दारात आली की आधी टेप काढा, धर्मकाट्यावर जा, आणि लांबी, रुंदी, उंची, वजन असे चार आकडे पुठ्ठ्यावर लिहा. ते दोघांनाही न बघता सांगता आले, की मैदानात जायला तुम्ही तयार.

सावकाश जा, उजेडात पोचा. भेटू पुढच्या भागात.